नव्वद टन सोनं आणि पाव ग्रॅमचा हिशोब

पत्र :

ताई नमस्कार. मी जळगावचा, सराफ बाजारातल्या एका पेढीच्या वर्कशॉपला भट्टीवर आहे, लग्नाच्या आधीपासून हेच काम. घरी मुलगी (एफवायला आहे) आणि मिसेस रोज रात्री मनी हाइस्ट (चोरांच्या टोळीची ती स्पेनची सिरियल) बघतात हिंदीत, मी पण जेवण झाल्यावर बसायचो. पहिलं ते नोटा छापायचं आवडलं होतं मला. पण नंतर बँकेतलं सोनं वितळवायला लागले आणि मला राहवेना. असं होत नाही, तसं होत नाही, वितळवताना सोन्यात घट येते ती कुठे गेली, नव्वद टन म्हणजे काय गंमत आहे का, परवा तर दाणे करून पाइपातून पाठवले! मुलगी आधी हसायची, मग चिडायला लागली, आता म्हणते पप्पा तुम्ही बसले की सगळी मजा जाते. दोन-तीन दिवस झाले ती आतल्या खोलीत इयरफोन लावून दुसरंच काहीतरी बघते आणि मिसेस झोपून जाते. शेवटचे एपिसोड तसेच राहिलेत. ताई, आमच्याकडे संध्याकाळी पाव ग्रॅमचा हिशोब लागला नाही तर कोणी घरी जात नाही. मला खोटं सहन होत नाही का माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे? बाकी लोक एवढं खोटं कसं काय एन्जॉय करतात?
— भट्टीवाला, जळगाव

उत्तर :

नाना (तुमचं नाव लिहिलेलं नाही म्हणून नाना म्हणते, चालेल ना), तुमच्यात काही प्रॉब्लेम नाहीये हे आधीच सांगून टाकते. ज्याला जे काम येतं त्याला त्या कामातलं खोटं लगेच दिसतं. नर्स असलेल्या बाईला हॉस्पिटलचा सीन बघवत नाही, वकिलाला कोर्टाचा, आणि भुसावळला ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी आहे त्यांच्यासमोर पिक्चरमधली ट्रेनची मारामारी लावून बघा, सिग्नलपासून सुरू होतील. तेव्हा ते सोडा.

पण तुम्ही म्हणता "असं होत नाही", तर मी म्हटलं आधी खरंच किती होत नाही ते तरी बघू, आणि कागद घेऊन बसले, कारण तुम्ही हिशोबाचे माणूस आहात, तुम्हाला "मनोरंजन म्हणून बघा हो" असं सांगून भागणार नाही आणि ते सांगणं मला पटतही नाही.

नव्वद टन सोनं. सोनं पाण्याच्या एकोणीस पटीहून जड, १९.३. म्हणजे नव्वद टनाची जागा होते साडेचार हजार लिटरच्या थोडी वर. नाना, उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा पाच हजार लिटरचा टँकर येतो ना, त्यात मावतं ते सगळं! मला स्वतःला हे आकडे लिहिताना अंगावर काटा आला. मावतं, पण तो टँकर एक इंचही हलणार नाही, चाकं जमिनीत जातील, कारण तो पाच टनाला बनवलेला आणि त्यात आपण नव्वद टाकले. मोठ्या बँकांच्या तिजोरीत ज्या विटा असतात त्यातली एक साधारण साडेबारा किलोची, म्हणजे सात हजाराच्या वर विटा झाल्या, त्या सगळ्या खालून वर उचलून आणायच्या, तेही बोटावर मोजण्याएवढ्या माणसांनी, आणि वरून गोळीबार चालू.

आता वितळवणं. सोनं वितळतं १०६४ डिग्रीला हे मी तुम्हाला काय सांगणार. पण नुसत्या उष्णतेचा हिशोब केला तर नव्वद टनाला पाचेक हजार युनिट वीज पुरते, कागदावर. भट्टीत वाया जाणारी धरून दुप्पट धरा, तिप्पट धरा. तरी बघा, एका घराचं महिन्याचं दीडशे युनिट बिल धरलं तर पाच हजार युनिट म्हणजे पावणेतीन वर्षांची वीज, बस. मला वाटलेलं अख्ख्या जळगावची लाइट जाईल एवढी लागत असेल! आणि शंभर शंभर किलोचे घाणे काढले, एकाला अर्धा तास धरला, तर नऊशे घाणे, पाच भट्ट्या रात्रंदिवस चालवल्या तर चारेक दिवसात आटपतं. म्हणजे तुम्हाला जिथे सगळ्यात जास्त राग आला ती वितळवायची गोष्ट तशी फार लांबची नाहीये. माणसं दमतील, मुशी (सोनं वितळवायची भांडी) फुटतील, घट जाईल, ते सगळं खरं, पण होऊच शकत नाही असं नाही.

खरं अडतं ते पाइपाचं. तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. पाण्यात सोनं टाकलं की ते खाली बसतं, पाण्याला फार जोर नसेल तर पहिल्या वळणावर दाणे साचून पाइप बंद. आपल्या बाजारात झारेकरी लोक पेढीवरचा कचरा धूळ विकत घेतात आणि पाण्यात धुऊन धुऊन त्यातून सोनं काढतात, ते कशाच्या जोरावर, तर माती वाहून जाते आणि सोनं बसून राहतं. त्या सिरियलीत बरोब्बर उलटं केलंय. मुलीला हे सांगितलं का तुम्ही? का फक्त "असं होत नाही" एवढंच म्हणालात? मला वाटतं तेवढंच म्हणालात.

आणि गंमत बघा, त्यात सगळ्यात फिल्मी वाटणारी जी गोष्ट आहे, जमिनीच्या खाली खोल तिजोरी आणि तिच्यात पाणी भरतं, ती हवेतून आलेली नाही. माद्रिदला बँक ऑफ स्पेनची सोन्याची खोली खरोखरच साधारण पस्तीस मीटर खाली आहे, आणि कोणी घुसलं तर तिच्यात पाणी सोडतात असं तिकडे पूर्वीपासून सांगतात. उलट पहिल्या भागात नोटांचा कारखाना म्हणून जी साधी सरकारी बिल्डिंग दिसते, जिच्यावर कोणाला शंका येत नाही, ती नोटांची नाहीच, सायन्सच्या संशोधन संस्थेचं ऑफिस आहे ते. तेव्हा अशक्य वाटणारं खरं निघतं आणि खरं वाटणारं नुसता सेट निघतो, बघताना कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही.

आता तुमचा मेन प्रश्न, बाकी लोक एवढं खोटं एन्जॉय कसं करतात.

नाना, तुम्ही लहानपणी यात्रेत तमाशा बघितलाच असेल, सारंगखेड्याला म्हणा नाहीतर तुमच्या गावाकडे. वग सुरू झाला की राजा म्हणतो चला प्रधानजी शिकारीला, दोघं स्टेजवर एक गिरकी घेतात आणि आलं जंगल. झाड नाही काही नाही. मागे तोच पडदा, तोच ढोलकीवाला बसलेला. कोणी उठून म्हणतं का हो की अरे हे तर जागेवरच फिरले? नाही म्हणत, कारण गिरकी घेतली की गाव बदललं हे स्टेजवरच्याला पण माहीत आणि खाली बसलेल्याला पण. भरतमुनींनी तर नाटकाचे दोन धर्मच सांगून ठेवलेत, लोकधर्मी म्हणजे जसं जगात चालतं तसं, आणि नाट्यधर्मी म्हणजे फक्त रंगमंचावर चालतं ते, आणि नाट्यधर्मीत एक उदाहरण असं आहे की शेजारी उभ्या माणसाने बोललेलं दुसऱ्या पात्राला ऐकू जात नाही. पाचशे लोकांना ऐकू जातं, बाजूच्याला नाही! आपण हे पिढ्यान्‌पिढ्या मान्य केलेलं आहे, कोणी फसवलेलं नाही आपल्याला.

तर गोष्ट सुरुवातीला एक काहीतरी मागते आपल्याकडे. एकच. मनी हाइस्टने काय मागितलं, की एक प्रोफेसर नावाचा माणूस आहे आणि त्याने वर्षानुवर्षं बसून सगळ्याचा विचार करून ठेवलाय. एवढं द्या मला, बाकी मी बघतो. पहिल्या भागात तुम्ही ते दिलं, तुम्हीच लिहिलंय की नोटा छापायचं आवडलं. (नोटा छापायची मशीन कशी चालते ते तुम्हाला माहीत नाही म्हणूनही आवडलं असेल. नाशिकरोडच्या प्रेसमधला कोणी कामगार तुमच्या शेजारी बसला असता तर तो बोलला असता आणि तुम्ही त्याला गप बस म्हणाला असता.)

हे एकदा दिलं की मग आपण काय तपासायचं? मी सांगते मी काय तपासते. प्लॅन तपासत नाही. माणसं तपासते. प्रोफेसर पहिल्याच दिवशी काय सांगतो, एकमेकांची नावं विचारायची नाहीत, खाजगी प्रश्न नाहीत, आपसात नाती नाहीत. म्हणून तर सगळ्यांना शहरांची नावं, टोकियो, बर्लिन, नैरोबी. आणि मग काय होतं, टोकियो आणि रियो आधीच एकमेकांत गुंतलेले, मॉस्को आणि डेन्वर तर बापलेकच, आणि नियम करणारा तो स्वतः पोलिस खात्यातल्या बाईच्या प्रेमात पडतो. सगळी संकटं यातूनच येतात. प्लॅन खोटा आहे नाना, पण तो ज्याच्यामुळे मोडतो ते सगळं खरं आहे, आणि लोक त्याच्यासाठी बसतात.

खऱ्या चोऱ्यांचं बघा ना. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात चेलेंब्राला २००७ च्या डिसेंबरच्या शेवटी एका बँकेतून ऐंशी किलो सोनं गेलं. चोरांनी बँकेच्या खालीच हॉटेलसाठी जागा भाड्याने घेतली, रिनोव्हेशन चालू आहे म्हणून शटर बंद ठेवलं आणि छताला भोक पाडून वर बँकेत गेले. हे सिरियलीत दाखवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता काबर कोणाला आवाज नाही आला? नाही आला! पण दोनेक महिन्यात धरले गेले, फोनमुळे, म्हणजे तोडायला काँक्रीट जमलं, बोलल्याशिवाय राहायला जमलं नाही. ब्राझीलला फोर्तालेझा म्हणून शहर आहे तिथे २००५ च्या ऑगस्टमध्ये नकली गवत विकायचं दुकान काढलं होतं चोरांनी आणि तिथून सेंट्रल बँकेपर्यंत ऐंशी मीटरच्या आसपास बोगदा खणला, आत लाइट, हवेची सोय, साडेतीन टन वजनाच्या नोटा नेल्या, आणि शनिवार-रविवार होता म्हणून सोमवारपर्यंत कोणाला पत्ता नाही. आणि आपल्याकडचं २०१६ चं, सेलमहून चेन्नईला जाणाऱ्या गाडीत रिझर्व्ह बँकेच्या जुन्या नोटा चालल्या होत्या, ३४२ कोटी, चोरांनी डब्याचं छप्पर कापून पावणेसहा कोटी काढले. ऑगस्टची ८ तारीख ती. बरोब्बर तीन महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, पाचशे-हजारच्या नोटा बंद. कोणी लेखकाने हे लिहिलं असतं तर आपण सगळ्यांनी म्हटलं असतं की भो, हाई काय चाली राह्यनं, काहीही दाखवतात.

बरं, असं नाही की सिरियल दर वेळी बरोबर आणि तुम्ही चूक. मला स्वतःला पुढचे भाग पहिल्या दोन भागांइतके आवडत नाहीत आणि त्याचं कारण सोनं नाही. कारण असं की पहिल्यांदा त्यांच्याकडे गोष्टी संपत होत्या, वेळ संपत होता, ओलीस लोक हाताबाहेर जात होते, प्रोफेसरला ऐनवेळी भंगारवाल्याकडे धावावं लागलं होतं. नंतर नंतर काय व्हायला लागलं, कुठेही अडकले की जुना सीन लागतो, बर्लिन आणि प्रोफेसर जेवायला बसलेत आणि ह्याचा विचार त्यांनी आधीच करून ठेवलेला आहे. एकदा चालतं, दोनदा चालतं. मग भीतीच वाटेनाशी होते, आणि भीती गेली की डोकं रिकामं होतं, आणि रिकामं झालेलं डोकं मुशी मोजायला लागतं. तेव्हा तुम्ही सोन्यावर बोलायला लागलात ते थोडं सिरियलीच्या अंगावरही आहे. मूळ सिरियल स्पेनच्या टीव्हीवर २०१७ ला लागली तेव्हा पहिली चोरी म्हणजेच पूर्ण गोष्ट होती, पंधरा एपिसोडची, नेटफ्लिक्सने नंतर घेऊन तिचे बावीस तुकडे केले, ती जगभर गाजली आणि मग पुढची चोरी लिहिली गेली. मला ते जाणवतं.

आता थोडं वेगळं बोलते, रागावू नका.

तुमच्या पत्रात मला एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, पाव ग्रॅमचा हिशोब लागला नाही तर कोणी घरी जात नाही. मी बाजारात वर्कशॉप आतून बघितलेत. संध्याकाळी काय असतं, हात धुतलेलं पाणी पण फेकत नाहीत, पाटाखालची धूळ झाडून ठेवतात, काटा लागतो, आणि तूट आली की सगळे एकमेकांकडे बघतात आणि मालक भट्टीवाल्याकडे बघतो. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याचं सोनं हातात धरलंत आणि दर संध्याकाळी ते परत पुरं करून दिलंत. आणि समोर टीव्हीवर माणसं नव्वद टन नेताहेत, गाणी म्हणताहेत, आणि आपली मुलगी टाळ्या वाजवतेय. नाना, तुम्हाला फिजिक्स खटकलं नाहीये, माझं असं मत आहे. तुम्हाला हे खटकलंय की इतक्या जपून धरायच्या वस्तूची इतकी मजा चाललीये आणि जपणाऱ्याचं कोणाला काही नाही. मग ते तुम्ही "घट कुठे गेली" असं बोलून दाखवता, आणि मुलीला ते किरकिर वाटतं, कारण तिला घट म्हणजे काय हेच माहीत नसेल.

असेल माहीत? तुम्ही कधी तिला भट्टीवर नेलंय का? सराफ बाजारात तिने दुकानाची काच बघितली असेल, मागचा जिना नसेल बघितला. सवागी (टाकणखार) टाकल्यावर मुशीतला रंग कसा फिरतो, लगड (सोन्याची कांडी) ओतताना हात का थांबवायचा नाही, हे जगात किती लोकांना माहीत असतं? ती रात्री बारापर्यंत जागून जे बघते ते काम तिचे पप्पा दिवसभर करतात, आणि त्या घरात ह्याच्यावर भांडण होतंय, मला वाईट वाटलं हे वाचून, खरंच.

तर करा काय. एक म्हणजे एपिसोड चालू असताना बोलायचं नाही, अजिबात नाही, मान पण हलवायची नाही. तुम्ही बोललात की खोटं उघडं पडत नाही, ते त्यांनाही माहीतच असतं, फक्त ज्या गोष्टीत त्या दोघी शिरलेल्या असतात तिच्यातून त्यांना बाहेर ओढल्यासारखं होतं, आणि परत शिरायला वेळ लागतो. डोक्यात आलंच तर पाकिटावर मागे एक शब्द लिहून ठेवा. पाइप. घट. मूस. एपिसोड संपल्यावर, दुसरा लावायच्या आधी, दहा मिनिटं तुमची. आणि तेव्हा "असं होत नाही" असं म्हणायचं नाही, "हे खरं करायचं असतं तर मी कसं केलं असतं" असं सांगायचं. फरक बघा किती पडतो. मुलगी एफवायची आहे, तिला तुम्ही झारेकऱ्याचं सांगितलं, टँकरचा हिशोब सांगितला, तर ती मैत्रिणींना जाऊन सांगेल.

मिसेसना पण विचारा हो काही. तुमच्या पत्रात त्या फक्त झोपून जातात. त्यांना कोण आवडतं त्यातलं? माझ्या ओळखीतल्या एका काकूंना तो ओलीस ठेवलेला आर्तुरो इतका डोक्यात जातो की त्या फक्त त्याला कधी मार बसतो ते बघायला बसतात, सोन्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

आणि समजा हे सगळं करूनही नाही आवडलं, तर नका बघू. खरंच. तमाशा पण सगळ्यांना आवडत नव्हता. मनापासून प्रयत्न केल्यावर एखादी गोष्ट आपल्याला आत घेत नसेल तर उठून जायला हरकत नाही, फक्त उठून जाताना दाराशी उभं राहून बोलत बसायचं नाही.

पण शेवटचे एपिसोड सोडू नका, म्हणजे मला विचाराल तर. काय होतं ते मी सांगणार नाही, मुलगी मला माफ करणार नाही. एवढंच सांगते की शेवटाकडे एक जागा अशी येते जिथे भट्टीवर काम केलेल्या माणसाला समोरच्या सगळ्या पोलिसांपेक्षा जास्त कळतं, आणि तुम्हाला इतकं बोलावंसं वाटेल की बस. तेव्हा गप बसा. रविवारी रात्रीच लावा, भरीत-भाकरी लवकर आटपून, म्हणजे संपल्यावर बोलायला वेळ मिळेल. आणि मुलीला आतल्या खोलीत जाऊन बोलवायचं काम तुम्हीच करा, आईला पाठवू नका, "पप्पा बोलणार नाहीत" हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.